गडग्याबाहेरचा पातेरा

त्या वर्षी शिमग्याला नवरा मुंबईहून आला तो खोलीची बातमी घेऊनच. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांतले सगळे दिवस गोळा केले तरी आमचा एकत्र संसार चार महिन्यांच्या वर जात नव्हता. तो तिकडे गावकीच्या खोलीत गाववाल्यांच्या रांगेत वळकटी पसरायचा. मी इकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्याच्या गावी, डोंगराच्या पोटाला चिकटलेल्या वाडीत, दहा माणसांच्या घरात भाकऱ्या थापायची. आता त्याला स्वतःची खोली मिळाली होती. आत मोरी होती, हे त्याने मला दोनदा सांगितलं. "वैशाखात येतो आणि घेऊन जातो," तो म्हणाला. पालखी दारात आली तेव्हा सासूबाईंनी देवाला घातलेल्या गाऱ्हाण्यात माझं मुंबईला जाणंही घातलं. देवासमोर बोलून झालं म्हणजे ठरलंच. मी त्याच आठवड्यात माहेरची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून उतरवली, पुसली आणि त्यात लुगडी घालायला सुरुवात केली.

म्हणजे त्या वर्षीची चैत्र-वैशाखाची कामं मी शेवटची म्हणून केली. शेवटची म्हटलं की माणसाच्या हाताला उत्साह येतो. काजूच्या बिया वेचताना मी गाणी म्हणायची. कुळीथ झोडताना उडालेली धूळ डोळ्यांत गेली तरी चिडायची नाही. एरवी मी चिडकीच. कोकणातल्या वसंतावर मोहोर आणि कोकीळ एवढंच लिहिणाऱ्यांनी एकदा पातेऱ्याचा हारा डोक्यावर घेऊन आमचा डोंगर उतरून बघावा, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

पातेरा म्हणजे झाडाखालचा वाळका पाला, हारा म्हणजे तो वाहायची मोठी टोपली. माझं माहेर समुद्राकाठचं, गणपतीपुळ्याच्या अलीकडचं. तिथे आमचा सगळा संसार माडांवर आणि मासळीवर, भातशेती नावापुरती. त्यामुळे भाजावळ हा प्रकार मला सासरी येऊन कळला. पावसाळ्यात भाताचं रोप ज्या वाफ्यात काढायचं, तो वाफा आधी उन्हाळ्यात भाजून काढायचा. खाली शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, वर गवत आणि सगळ्यावर चाळलेली माती. मग वारा पडला की पेटवायचं आणि ते आतल्या आत धुमसत ठेवायचं. तण मरतं, राखेने जमिनीला जोर येतो. भाजावळ चुकली की रोप पिवळं पडतं, आणि रोप गेलं की दहा माणसांच्या ताटातला भात गेला. आमची जमीन एवढीशी, पायऱ्यापायऱ्यांची. तिच्याकडून भात काढायचा तर तिचे लाड करावेच लागत.

हे लाड करायचं काम माझ्या थोरल्या जावेचं. मी तिला वयनी म्हणायची. उंच, हाडापेराने मोठी, बोलायला कंजूष. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी वडील असेल. सहा मुलं वाढवत, सासूबाईंचं ऐकत, तिने ते घर आणि ते वाफे डोळ्यांनी मोजून चालवले होते. तिचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर भावजी, घरातले एकटे नांगर धरणारे. बाकीचे पुरुष मुंबईला. नांगरणीच्या दिवसांत भाड्याने माणूस बघावा तर वाडीत उरलेला प्रत्येक जण आपापल्या बैलांमागे. बाईने जोताला, म्हणजे नांगराला, हात लावायचा नाही, हा तर नियमच.

पहिल्या वर्षी माझ्या डोक्यावरचा हारा उतारावर कलंडला तेव्हा वयनी म्हणाली होती, "समुद्रावरची बाय तू, मासा सोडून काय उचलता येतंय का तुला?" आणि मग तिनेच मान कशी ठेवायची ते शिकवलं. तिचं प्रेम असंच होतं. आधी टोमणा यायचा, मागून हात.

त्या फाल्गुनात डोंगरावर वणवा आला. कोणाच्या विडीने की कोणाच्या गवताने, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वाडीतली माणसं झावळ्या घेऊन धावली, पण आग विझली तेव्हा आमच्या वाट्याचा डोंगर काळा झाला होता. गवत, फांद्या, पातेरा, सगळं गेलं. दुसऱ्यांचे हिस्से थोडे वाचले होते, पण त्या दिवसांत कोणी कोणाला मूठभर पालाही देत नाही. ज्याला त्याला आपलं रोप काढायचं असतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

वयनी त्या काळ्या उतारावर खूप वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खराटा घेतला आणि मला म्हणाली, "चल."

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला देवरहाटी आहे, ग्रामदेवाचं राखीव रान. आतलं झाड तोडायचं नाही, आतली वाळकी काटकीही चुलीत घालायची नाही. भोवती जांभ्या दगडांचा गडगा रचलेला, छातीएवढा उंच. आत देवाचं, बाहेर माणसांचं, असा सरळ हिशेब. पण वारा काही गडगा मानत नाही. आतल्या जुन्या झाडांची पानं वर्षानुवर्षं उडून बाहेर पडायची आणि गडग्याच्या कडेला गुडघाभर साचायची. त्यांना कोणी हात लावत नसे. लावू नये, असंही कोणी कधी बोललं नव्हतं. तसा प्रश्नच गावात कधी निघाला नव्हता.

मी म्हटलं, "वयनी, चालंल ना?"

ती खाली वाकून झाडू लागली होती. "गडग्याच्या आतला देवाचा," ती म्हणाली. "भायरचा वाऱ्याचा."

मला ते एकदम पटलं. आम्ही दोघींनी हाऱ्यावर हारे भरून तो पातेरा खाली नेला. काय सुंदर पातेरा होता तो, जाड, कुरकुरीत, वर्षांचा मुरलेला. त्या वर्षी आमची भाजावळ वाडीत सगळ्यांत चांगली भाजली. धूर निळा आणि सरळ वर गेला. राख मऊ पडली. सासूबाई काठी टेकत वाफ्याच्या कडेला येऊन बघून गेल्या आणि समाधानाने मान हलवून गेल्या. पातेरा कुठचा, ते त्यांनी विचारलं नाही.

चैत्रात भावजी पडले. घरामागच्या रायवळ आंब्यावर लोणच्याच्या कैऱ्या काढायला चढले होते. खाली मी आणि मुलं गोणपाट धरून उभे होतो. फांदी मोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते. पडल्यावर ते ओरडले नाहीत, फक्त मुलांना लांब व्हायला सांगितलं. घोंगडी बांबूला बांधून त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने तालुक्याला. आठवड्याने परत आले ते कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये. मांडीचं हाड मोडलं होतं. पावसाळा सरेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पातेऱ्याची गोष्ट गावात कोणी काढली म्हणाल, तर वयनीनेच. पाणवठ्यावर बायका कुजबुजायच्या आधीच तिने सासूबाईंच्या पुढ्यात बसून सांगून टाकलं. भावजी बाजेवरून म्हणाले, "अगो, फांदी पोखरलेली होती. मला म्हायती होती. उगाच पाय दिला."

"म्हायती असून पाय दिलात," वयनी म्हणाली, "तो तुमाला कोनी द्यायला लावला?"

मला तेव्हा देवाबिवाचं काही सुचत नव्हतं, मला फक्त माझी ट्रंक दिसत होती. भावजींची मला दया येत होती आणि त्यांचा रागही येत होता, आणि ही दोन्ही एकाच वेळी खरी होती. रोहिणी लागायच्या आत त्या भाजलेल्या वाफ्यात धूळपेरणी व्हायला हवी होती, म्हणजे कोरड्या राखेत बी टाकून वरून हलका नांगर फिरवायचा. पुढे पाऊस लागला की सगळी खाचरं नांगरायची. ते करणार कोण? घरातला नांगर येणारा दुसरा पुरुष एकच, माझा नवरा. त्याची नोकरी हजेरीवरची. पावसाळाभर गावी राहिला तर नोकरी गेली, आणि नोकरी गेली तर खोलीही गेली.

तार मिळाल्यावर तो आला. आल्या आल्या भावाच्या उशाशी बसला आणि माझ्याकडे बघायचं टाळत राहिला. तेवढ्यावरून मी काय ते समजले.

सासूबाई म्हणाल्या, देवाला विचारूया.

आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सवाल घालतो. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. कधी लगेच पडते, कधी दुपार होते. जिल्ह्यातल्याच पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज तयार होऊन साऱ्या महाराष्ट्राला जात होती, आणि आमच्या वाडीत अजून चिमणी. त्या चिमणीच्या उजेडात मी शिकली-सवरलेली बाई रॉकेलचा वास घेत विचार करायची, की माझी मुंबई आता दोन पाकळ्यांवर आली.

देवळात आम्ही बायका पायरीवर उभ्या होतो. गुरवाने पहिला सवाल घातला, गडग्याबाहेरचा पातेरा देवाचा असेल तर उजवी दे. त्याचे शब्द संपतात न संपतात तोच उजवी पाकळी पडली. पातेरा देवाचाच ठरला. गुरवाने दंड सांगितला: एक नारळ, आणि इथून पुढे दर वर्षी डोंगरावरचा आपला पाला गोळा करायच्या आधी गडग्याबाहेर पडलेली देवाची पानं वेचून आत टाकायची. वयनीने हात जोडून मान्य केलं. तिच्या चेहऱ्यावर उलट थोडी सुटका दिसली.

मग गुरवाने नव्या पाकळ्या लावल्या. "धाकट्यानं मुंबई सोडून जोताला हात घालायचा असंल, तर उजवी दे बा म्हाराजा. नसंल, तर डावी दे."

मी डाव्या पाकळीकडे टक लावून बघत होते. माझ्या आयुष्यात मी देवाकडे इतक्या स्पष्ट शब्दांत काही मागितलं नव्हतं. उजव्या पाकळीची कड सुटायला लागली होती, ते मला दिसत होतं. गुरवालाही दिसत असणार. नवरा खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"गुरवदादा," वयनी म्हणाली, "पाकळ्या काढा."

गुरव वळून म्हणाला, "देवाला घातलेला सवाल मागं घेत नायत बाय."

"ह्यो सवाल मी घातलेला नाय. पातेरा मी उचलला. मला इचारा, मला दंड सांगा. हिच्या संसारावर कौल कशाला? देवानं उजवी दिली तर हिनं जायचं कुठं?"

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाई कडक बाई होत्या. सुनेने चारचौघांत तोंड उघडलं तर तिथल्या तिथे झापायच्या. त्या दिवशी त्या काठी गुरवाकडे करून म्हणाल्या, "काढ बाबा."

गुरवाने पाकळ्या काढून ताम्हनात ठेवल्या. "मग जोत कोन धरनार?" त्याने विचारलं.

"मी," वयनी म्हणाली.

"बाईमाणसानं? ह्याचा कौल नको घ्यायला?"

"घ्या सावकाश. पाकळी पडंपर्यंत माजा निम्मा वाफा होईल."

एवढी मोठी वाक्यं मी तिच्या तोंडून तोवर ऐकली नव्हती. घरी परतताना सगळ्यांत पुढे ती आणि मागे आम्ही. मला रडू येत होतं ते आनंदाने की कशाने, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. माझं जाणं पक्कं झालं होतं.

जायच्या सकाळी भावजींनी आपली बाज खळ्याच्या कडेला आणून ठेवायला लावली. नवऱ्याने आणि शेजाऱ्याने ती उचलून आणली. खळ्याखालीच भाजावळीचा वाफा. बैलांना भावजींच्या आवाजाची सवय होती, वयनीचं ते ऐकत नव्हते. म्हणून वयनीने नांगर धरायचा आणि भावजींनी बाजेवरून बैलांना हाक द्यायची, असं नवराबायकोने ठरवलं होतं. जायच्या आधी तेवढा वाफा मी करून देतो, असं माझा नवरा म्हणाला होता, पण पुढची खाचरं मलाच करायचीत तर हात आत्ताच बसू दे, म्हणून वयनीने त्याला नांगर धरू दिला नव्हता. मी सासूबाईंच्या पाया पडले, भावजींच्या पडले. वयनीच्या पाया पडायला गेले तर तिचे हात बियाण्याने भरलेले. "जा," ती म्हणाली. "मुडी उंदरांनी फोडली बग, निम्मं बी सांडलं. जा तू, गाडी चुकंल." पेंढ्याच्या त्या मुडीत पेरणीचं भात बांधून ठेवलेलं असे, आणि उंदीर दर वर्षी ती फोडत.

एसटीचा थांबा आमच्या घराच्या वरच्या अंगाला, रस्त्यावर. तिथून खालचं खळं, बाज आणि वाफा सगळं स्वच्छ दिसतं. ट्रंक मैलाच्या दगडावर ठेवून आम्ही उभे राहिलो. खालून भावजींची हाक आली, तीच नेहमीची, लांब ओढलेली. क्षणभर मला वाटलं, ते बरे झाले.

मी खाली बघितलं. बैल चालू लागले होते, पण वाफ्यात सरळ जायचं सोडून ते घराकडे वळले होते. आवाज जिकडून येई तिकडे ते निघाले होते. एरवी आवाज त्यांच्या पाठीमागून यायचा, आज बाजेवरून येत होता, आणि त्यांना आपला धनी हवा होता. वयनी नांगराला लोंबकळत मागून फरफटत चालली होती. बैल बांधाशी येऊन थांबले आणि बाजेकडे तोंड करून उभे राहिले. भावजींनी हाक बंद केली. वयनीने बैल मागे वळवले, नांगर उचलून पुन्हा तासाला लावला. पुन्हा हाक, पुन्हा बैल घराकडे. तिसऱ्यांदा ती गुडघ्यावर पडली, राखेत. भावजींनी बाजेवर तोंडावरून हात ओढला, ते मला वरून दिसलं. त्यांची सहा मुलं आणि म्हातारी आई खळ्यात उभी राहून बघत होती, आणि बैलांच्या पुढे कासरा धरून चालायला कोणीही नव्हतं. सगळ्यांत थोरला मुलगा नऊ वर्षांचा. त्याला बैलांनी आदल्या दिवशीच ढकलून दिलं होतं.

"आली गाडी," नवरा म्हणाला.

गाडी खरंच वळणावर दिसत होती. मी म्हटलं, "तुम्ही जा."

"म्हणजे?"

"एक पावसाळा. तो झाला की मी येते. तोपर्यंत मी त्यांच्या पुढे चालते."

त्याला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फक्त विचारलं, "खोलीचं काय सांगू?" मी म्हटलं, कुलूप लावून ठेवा. गाडी थांबली, कंडक्टरने दोरी ओढली, तो चढला. खिडकीतून त्याने हात बाहेर काढला तो वळणापर्यंत तसाच होता. मग मी ट्रंक डोक्यावर घेतली, वयनीने शिकवली तशी मान ठेवली, आणि उतार उतरले.

खळ्यात ट्रंक ठेवून मी थेट वाफ्यात गेले आणि कासरा धरला. वयनीने मला बघितलं. तिच्या तोंडावर, केसांत, पापण्यांवर राख होती. भावजींनी हाक दिली, मी बैलांना माझ्याकडे ओढलं आणि ते सरळ चालले. दुपारच्या आत त्या राखेत बी गेलं.

त्या पावसाळ्यात वयनीने सगळी खाचरं नांगरली आणि प्रत्येक तासाला मी बैलांच्या पुढे होते. गावाने नावं ठेवली, मग गाव कंटाळलं. पाऊस काही रुसला नाही. रोप चांगलं आलं होतं. भावजी दिवाळीत काठीवर उभे राहिले, पण तो पाय पुन्हा नांगरामागे चालण्यासारखा झाला नाही.

ट्रंक मात्र मी भरलेलीच ठेवली होती. दिवाळी झाली की, संक्रांत झाली की, असं म्हणत होते. शिमग्याला नवरा आला तेव्हा त्याने एकदाही विषय काढला नाही आणि मी विचारलं तेव्हा म्हणाला, खोली अजून आहे. मला ती खोली हवी होती, आणि आजही त्या मोरीचा विचार मनात येतो. मी ती कधी बघितली नाही.

शिमगा झाल्यावर एका सकाळी वयनी खराटा घेऊन देवरहाटीकडे निघाली. दंड तिचा होता, मी उगाच बरोबर गेले. गडग्याबाहेर वर्षाची पानं साचली होती. ती ओंजळी भरभरून गडग्यावरून आत टाकत होती आणि प्रत्येक वेळी ओठ हलवत होती.

"देवाला काय सांगत्येस गो वयनी?" मी विचारलं.

"तुजं तुला दिलं, सांगत्ये. माजं माज्याकडं ऱ्हाऊ दे."

"भावजींचा पाय?"

"तो गेला तो गेला. तो कशाला मागू?" तिने आणखी एक ओंजळ आत टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुलाच मागत्ये. ती ट्रंक दिसली की माज्या घशाखाली घास उतरत नाय. पन माजं ऐकू नको. तुला जायचं तर जा."

दोघींनी मिळून राहिलेली पानं आत टाकली आणि मग आमच्या डोंगरावर आमचा पाला गोळा करायला गेलो. त्या वर्षी तिथे थोडा थोडा पाला पुन्हा पडला होता.

संध्याकाळी मी ट्रंकेतली लुगडी बाहेर काढून दोरीवर टाकली. माळ्यावरची मुडी उंदरांनी पुन्हा फोडली होती. ती उतरवून मी सगळं पेरणीचं भात ट्रंकेत ओतलं. काठोकाठ भरली, झाकण काही बसेना. मी वयनीला हाक मारली. ती हात पुसत आली, ट्रंकेकडे बघितलं, दोरीवरच्या लुगड्यांकडे बघितलं, आणि झाकणावर बसली. तेव्हा कुठे मला कडी लावता आली.